खाडा न पडलेलं घर

आमच्या घरात खाडा हा शब्द शिवीसारखा होता. ऊसतोडीला गेलेल्या माणसाची एका दिवसाची गैरहजेरी म्हणजे खाडा. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव दिवाळीच्या आगेमागे निम्मं रिकामं व्हायचं. टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या, त्यात माझे आईवडील असायचे, आणि लहान होते तोवर मीही. राहायला पाचटाची कोपी, दारात तीन दगडांची चूल, थंडीनं कडक झालेली भाकरी. वडिलांना ताप असला तरी ते अंधारातच उसाच्या फडात उभे राहायचे. एकदा कोयता पायावर बसला, तर चिंधी बांधून त्यांनी मोळ्या वाहिल्या. मुकादम बाकीच्यांना सुनवायचा, "ह्याच्याकडं बघा. ह्याचा खाडा न्हाई." त्या दिवशी जेवताना वडिलांचा चेहरा वेगळा असायचा. आम्हाला दुसरी इस्टेट नव्हती. ही होती.

पुढे मला वसतिगृहात जागा मिळाली, शाळा झाली, पाथर्डीत बी.ए. झालं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. मान वर करूनच सांगते. मग फौजदाराची परीक्षा पास झाले आणि नेमणूक मिळाली ती श्रीरामपूरकडच्या एका ठाण्यात. ठाण्याच्या हद्दीत अशी शिवारं होती, जिथं माझ्या आईनं डोक्यावरून ऊस वाहिला होता.

अधिकारी व्हायला परीक्षा पुरते. माणसं सांभाळायला ती पुरत नाही, हे मला तिथं कळलं. शिकवायला पुस्तक नव्हतं, साहेब होते. दोन भेटले.

पहिले साहेब आवाजाचे. ते जीपमधून उतरले की चौकातली गर्दी आपोआप पांगायची. निर्णय क्षणात घ्यायचे, आणि घेतला की मागं वळायचे नाहीत. हे मी त्यांच्याकडून घेतलं आणि त्याचा मला उपयोग झाला. पण रजा या शब्दाचं त्यांना वावडं. अर्ज घेऊन कोणी आत गेला की पहिला प्रश्न, "कोण मेलं?" कोणी मेलं नसेल तर अर्ज परत. मी तर रजा मागतच नव्हते. ते भर हजेरीत म्हणायचे, "मॅडमकडून शिका जरा!" मला मुकादम आठवायचा. बरं वाटायचं.

आमच्या जीपवर एक जुने हवालदार होते, तोंडाचे फटकळ. ते एकदा गाडी चालवता चालवता म्हणाले, "मॅडम, रागावू नका, पन एक सांगू? तुमी रजा घेत न्हाई, म्हनून आमची रजा मरती."

"मी काय केलं, काका?"

"तुमी कायबी केलं न्हाई. तेच तर!"

मी हसले. मनावर घेतलं नाही.

पहिल्या साहेबांची बदली झाली आणि दुसरे आले. निवृत्तीला टेकलेले, बाहेरच्या जिल्ह्यातले, हळू बोलणारे. पहिल्याच सकाळी हजेरीला कामं वाटण्याआधी त्यांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, "घरी काय?"

कोणाला काही समजेना. यात काहीतरी डाव असणार असंच सगळ्यांना वाटलं. शेवटी आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, घरी बायको हाय."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. "तिचं काय?"

"तिचं ती बघती, साहेब. माझंबी तीच बघती."

मग साहेबही हसले. पण दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तिसऱ्या दिवशी तोच. हळूहळू माणसं बोलायला लागली. कोणाच्या सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन, कोणाच्या पोराचा शाळेचा दाखला. साहेब तिथंच कामं फिरवायचे आणि त्या माणसाला मोकळं करायचे. गंमत म्हणजे ठाण्याचं काम त्यामुळे अडलं नाही. मोकळा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी वेळेआधी यायचा.

बाकीही बरंच बघितलं त्यांच्याकडे. भांडण घेऊन आलेल्याला ते आधी बसवायचे, पाणी द्यायचे. म्हणायचे, "उभ्या माणसाशी बोललं की भांडणही उभंच राहतं." एका मिरवणुकीत मी गाड्या चुकीच्या गल्लीत वळवल्या आणि सगळा रस्ता तुंबला. वरिष्ठांचा वायरलेसवर संतापलेला आवाज आला. साहेबांनी उत्तर दिलं, "माझा आदेश होता, सर." नंतर मला एकटीला बाजूला घेऊन ती गल्ली कुठं अरुंद होते ते चालत दाखवलं. बस. पुन्हा तो विषय नाही. आणि बंदोबस्त संपला की ते वायरलेसवर नुसतं "सुटला" म्हणून घरी जायचे नाहीत. प्रत्येक पॉइंटवर जायचे, उभ्या माणसाला स्वतः सांगायचे, "सुटलात. घरी जा."

रोज सकाळी त्यांची नजर माझ्यावरही यायची. "मॅडम, घरी काय?"

"काही नाही, सर. सगळं ठीक."

त्या वर्षी गणपतीच्या आधी आईचा फोन आला. वडिलांना घास गिळता येत नव्हता. गावच्या डॉक्टरनं नगरला मोठ्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं होतं. आई म्हणाली, "किती बोलले, पर ऐकत न्हाईत. म्हनत्यात, बाय आली की जाऊ. नगरला तिच्यासंगं जायाचं." मग त्यांनी स्वतः फोन घेतला. आवाज बसलेला होता. "कामावर हायेस न्हवं? मग बास. आमची काळजी करू नको. गणपती उरकू दे. आपल्या घरात खाडा न्हाई."

दुसऱ्या दिवशी हजेरीला साहेबांनी विचारलं, "मॅडम, घरी काय?"

समोर सगळं ठाणं उभं होतं. मी फौजदार होते, बाई होते आणि ज्या घरात खाडा पडत नाही त्या घरातली होते. म्हणाले, "काही नाही, सर."

गणपती बसले, आरास झाली, विसर्जन झालं. त्याला लागूनच ईदची मिरवणूक आली. तीही शांततेत पार पडली. मग साप्ताहिक सुट्टी धरून मी पाथर्डीला गेले. वडील अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसले होते. शर्टात माणूस उरला नव्हता. नगरला डॉक्टरांनी तपासलं आणि जरा चिडूनच विचारलं, "इतके दिवस काय करत होता, बाबा?"

वडिलांनी मान वर केली. त्या बसलेल्या आवाजात जेवढा अभिमान मावेल तेवढा घालून म्हणाले, "पोरगी बंदोबस्ताला हुती."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी भिंतीकडे.

आधी आणलं असतं तर ते वाचले असते का, हे डॉक्टर बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. टोळ्या कारखान्याला निघायच्या दिवसांत वडील गेले.

दहाव्याला साहेब आले. साध्या शर्टात, हवालदारांच्या गाडीतून. गावाला वाटलं आता खुर्ची शोधावी लागणार. ते टोळीतल्या माणसांमध्ये जमिनीवर बसले. सगळं उरकल्यावर लिंबाखाली मला म्हणाले, "दुखणं कधीपासून होतं?"

मी सांगितलं.

"म्हणजे मी रोज विचारत होतो तेव्हा."

"हो, सर."

"माझंच चुकलं. मी सगळ्यांसमोर विचारत होतो. ज्याला सांगायची लाज नाही तो सांगतो. ज्याला सांगणं जड जातं, त्याला मी चारचौघांत उभं करून खोटं बोलायला लावलं. इतकी नोकरी झाली, आणि हे मला आता कळतंय."

मी म्हणायला हवं होतं, की सर, तुमचं नाही चुकलं. ते मी म्हणाले नाही. हवालदार शेजारी उभे होते. टोपी हातात फिरवत होते.

मी कामावर परतले तेव्हा हजेरीतला तो प्रश्न बंद झाला होता. साहेब आता चहाच्या टपरीवर, जीपमध्ये, पॉइंटवर एकेकाला गाठून विचारायचे. नोकरीच्या अगदी शेवटी, माझ्यामुळे, त्या माणसानं आपली पद्धत बदलली. निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना श्रीफळ दिलं, सॅल्यूट केला. लिंबाखालचं उत्तर द्यायचं तेव्हाही राहिलं. ते आता त्यांच्या गावी असतात. फोन करायचं रोज ठरवते.

आज एका छोट्या ठाण्याची मी प्रभारी आहे. आवाज पहिल्या साहेबांचा वापरते, बाकी सगळं दुसऱ्यांचं. यंदा गणपतीआधी एका नव्या महिला शिपायाला मी विचारलं, एकटीला, जीपमध्ये. "घरी काय?"

"काही नाही, मॅडम," ती म्हणाली. हनुवटी वर.

ती हनुवटी मला ओळखीची होती. मी गाडी रस्त्याकडेला घ्यायला लावली, ड्रायव्हरला चहाला पाठवलं आणि पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती रडली. तिच्या आईचं ऑपरेशन होतं. त्याच दुपारी ती घरी गेली.

यंदा विसर्जन शांततेत झालं, आणि त्या धामधुमीत ठाण्यातला प्रत्येक जण एकदा तरी घरी जाऊन आला. शेवटच्या पॉइंटपर्यंत मी स्वतः जाऊन सगळ्यांना सोडलं. त्यानंतर आईच्या गुडघ्यांसाठी मी रजा टाकली आणि तिला नगरला दाखवून आणलं. कोणी मेलं नसताना आमच्या घरात पहिला खाडा पडला. तो मी पाडला.