एक मिनिट उभं राहून

चष्मेवाला सभेला वेळेवर आला असता तर पुढचा घोळ झालाच नसता. पण वेळेवर येईल तो चष्मेवाला कसला! लोकांना नीट दिसावं म्हणून जन्मभर धडपडला, आणि स्वतः मात्र कपाळावरचा चष्मा दुकानभर शोधत राहिला. बायको म्हणायची, "अहो, डोकं तरी जागेवर आहे ना? चाचपून बघा एकदा."

सेवा क्लबची सभा दर गुरुवारी. त्या गुरुवारी तो धापा टाकत हॉलमध्ये शिरला, तर सगळे उभे. माना खाली, पुढे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं, चिडीचूप. क्लबातली बहुतेक मंडळी वयाने पिकलेली, त्यामुळे श्रद्धांजलीला असं उभं राहणं आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. तोही मुकाट्याने मान खाली घालून उभा राहिला.

"कोण गेलं?" त्याने शेजारच्या औषधवाल्याला हळूच विचारलं. औषधवाल्याने नुसते डोळे वटारले.

मग याने नजर फिरवली. टेलरमास्तरच्या खुर्चीपाशी कोणीच उभं नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेपासूनचा जिवलग. बायको गेल्यापासून दुकानामागच्या खोलीत एकटाच राहायचा. मागच्या गुरुवारी क्लबाने सभासदांच्या हृदयाची फुकट तपासणी ठेवली, तर हा पठ्ठ्या हटून बसला. "मला काय धाड भरलीय?" चष्मेवाल्याचं टाळकं सटकलं. सगळ्यांदेखत तो ओरडला, "मर मग तिकडे!" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

आता ते तीन शब्द त्याच्या कानात घुमू लागले. डोळ्यांतून पाणी कधी आलं, त्याला कळलंही नाही.

"बसा," पाहुण्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आकडा लक्षात ठेवा, शेवटी विचारणार आहे."

कसला आकडा? माणूस गेला आणि आकडा काय विचारता? त्याच्या डोक्यात नुसता गोंधळ. बाई सांगत होत्या, "हृदयाचा झटका कधीकधी काही न कळवताच येतो. माणूस घरात एकटा असतो..." अध्यक्षांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "आपल्यातल्याच एकाला किती समजावलं! ऐकलं नाही."

झालं! उरलीसुरली शंकाही फिटली. चष्मेवाला खुर्ची पाडून उठला आणि भर भाषणातून पळत सुटला.

मास्तरच्या दुकानाचं फळकूट अर्धवट लावलेलं होतं. आत गर्दी नाही, रडारड नाही. मागच्या खोलीत नुसत्या बनियनवर बसलेला मास्तर चहात पाव बुडवत होता.

"अरे... तू?" चष्मेवाला भिंतीला टेकला. "तू आहेस?"

"का? नसायला हवा होतो?" मास्तर फुगलेलाच होता. "मर म्हणालास, म्हणून लगेच मरायचं?"

तेवढ्यात मास्तरचा फोन वाजला. अध्यक्ष होते, आवाज खोलीभर ऐकू येत होता. "अरे, तुझ्या मित्राला काय झालंय? बाईंनी सगळ्यांना उभं करून एक मिनिट नाडी मोजायला लावली, तर हा ढसाढसा रडत होता! मधूनच पळाला. जरा बघ त्याच्याकडे."

मास्तरने फोन ठेवला. चष्मेवाल्याला आधी काही उमगलंच नाही. उमगलं तेव्हा हसावं की रडावं कळेना.

"माझ्यासाठी रडत होतास?"

"मग काय नाचू? मेल्या, शेवटचं काय बोललो होतो तुला!"

मास्तरने पाव कपातच सोडला. "धाड वगैरे काही नाही रे," तो म्हणाला. "भीती वाटली मला. काही निघालं, तर घरी येऊन सांगायचं कोणाला?"

"मला सांग ना, गाढवा!"

चष्मेवाल्याने खुंटीवरचा शर्ट ओढला. "घाल. बाई अजून हॉलवरच असतील."

जन्मभर लोकांच्या शर्टांना काजं करणाऱ्या मास्तरला स्वतःचं एक बटण लावता येईना, इतके हात कापत होते. मग चष्मेवाल्यानेच सगळी बटणं लावून दिली. एक काज चुकलं. पार हॉलपर्यंत दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.