शैलावहिनींच्या गाडीचे नखरे

नीट चालणाऱ्या गाडीबद्दल कोणी काही सांगत नाही. काय सांगणार? किल्ली फिरवली, सुरू झाली, पोचलो. किस्से साठतात ते बिघडणाऱ्या गाडीचे. आणि त्यातही जी मनात आलं तर बिघडते आणि मनात आलं तर चालते, तिचं तर विचारूच नका! नव्वदच्या दशकात आम्ही काही मराठी इंजिनिअर योकोहामात कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. रविवारी सकाळी कोणाच्या तरी घरी चहाला जमायचो, आणि विषय फिरून फिरून एकाच ठिकाणी यायचा: भागवतांची गाडी.

भागवत आमच्यात वयाने मोठे, मेनफ्रेम कॉम्प्युटरवर काम करणारे, दिवसाला चार वाक्यं बोलणारे. गाडी खरं म्हणजे त्यांची नव्हतीच. ती शैलावहिनींची. वहिनींनी इथे येऊन लायसन्स काढलं, इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या आणि स्वतःच्या कमाईतून एक जुनी, लाल, दोनच सीटची स्पोर्ट्स कार आणली. आम्ही सगळे चाट! "मूलबाळ नाही, मग मागची सीट कुणासाठी हवी?" असं त्या हसत हसत सांगायच्या. भागवत मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसायचे.

या गाडीचे हेडलाइट बॉनेटमध्ये लपलेले असायचे. बटण दाबलं की वर यायचे. एकदा भर दुपारी वहिनींनी बटणाला हातही लावला नव्हता, तरी दोन्ही हेडलाइट वर आले आणि खाली गेले. समोर गल्लीतले एक आजोबा सायकल धरून उभे होते. गाडीने आपल्याला नमस्कार केला असं त्यांना वाटलं असावं. ते कमरेत वाकले! हेडलाइट पुन्हा वर-खाली. आजोबा पुन्हा वाकले! शेवटी वहिनींनी इंजिन बंद केलं तेव्हा कुठे आजोबांची सुटका झाली.

वहिनी भागवतांकडे वळून म्हणाल्या, "बघा, गाडीला जमलं! तुम्हाला इतक्या वर्षांत धड वाकता येत नाही."

*

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. पोटात दुखतंय म्हणून हॉस्पिटलात दाखल झाल्या, त्या घरी आल्याच नाहीत. भागवत अस्थी घेऊन नाशिकला गेले. आम्हाला वाटलं, आता ते तिकडचेच होणार. पण ते परत आले आणि दारातच त्यांनी मला विचारलं, "गाडीची शाकेन कधी आहे रे?"

शाकेन म्हणजे गाडीची सरकारी तपासणी. ठरावीक काळाने करावीच लागते. नापास गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि इतक्या जुन्या गाडीची वाट मग सरळ भंगारात जाते. वहिनींच्या गाडीची शाकेन त्या शरदात होती.

"पास झालीच पाहिजे," भागवत म्हणाले. "तिच्या बाकीच्या सगळ्या वस्तू कपाटात पडून आहेत. ही एकटीच काय ती हलते."

आम्ही लागलो कामाला.

*

गाडीला डावीकडे वळताना मधूनच हॉर्न वाजायची सवय लागली. इथे गल्लीत हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी देण्यातलाच प्रकार. एका सकाळी भागवत आमच्या गल्लीत वळले आणि हॉर्न जो सुरू झाला, तो पार्किंगपर्यंत! दुसऱ्या दिवशी ते टाय लावून, मिठाईचे बॉक्स घेऊन घरोघरी माफी मागत फिरले. इथली रीतच ती.

शेजारच्या यामादा-आजी बॉक्स घेईनात. म्हणाल्या, "हिवाळ्यापासून तुमच्या घरातून काहीच आवाज येत नव्हता. काल हॉर्न ऐकला आणि मला बरं वाटलं."

भागवतांनी हे आम्हाला सांगितलं आणि तो बॉक्स टेबलावर ठेवला. आतली मिठाई कितीतरी वेळ कोणी उचलली नाही.

*

मोरी-सान हे आमच्या भागातले मेकॅनिक. त्यांचा एक नियम होता: बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. म्हणून ते जेवणाचा डबा घेऊन गाडीत बसले. भागवतांनी त्यांना बंदरापर्यंत नेलं, चढावर नेलं, खडबडीत रस्त्यावर नेलं. गाडी अशी शहाण्यासारखी वागली की विचारू नका! मोरी-सान उतरले, वाकले, त्यांनी दार लावलं. आणि कडक उन्हात वायपर सुरू झाले! ते गर्रकन वळले. वायपर बंद!

"लाजते बहुतेक," मोरी-सान गंभीरपणे म्हणाले.

"शैलाचंही असंच होतं," भागवत आम्हाला मराठीत म्हणाले. "पाहुणे असेपर्यंत गोड. दार लागलं की माझ्यावर सुरू!"

आम्ही पोट धरून हसलो. भागवतही हसले, आणि हसता हसता रुमाल शोधायला लागले.

*

मग आमच्या घाटगेने सूत्रं हातात घेतली. घाटगे कोल्हापूरचा, हार्डवेअरमधला. "साहेब, असा फॉल्ट आपणहून सापडत न्हाई, त्याला छळून बाहेर काढावा लागतो," असं त्याचं तत्त्व. झारीने बॉनेटवर पाणी ओतून झालं. वायरी हलवून झाल्या. फ्यूज बदलून झाले. मग तो म्हणाला, "आता कनेक्टर गरम करून बघू. हेअर ड्रायर आहे का कुणाकडं?"

भागवत वर जाऊन ड्रायर घेऊन आले. घाटगेने तो चालू केला. गरम हवेबरोबर शिकेकाईचा वास आला. ड्रायरच्या मागच्या जाळीत एक लांब केस अडकलेला होता, तो हवेने थरथरत होता.

घाटगेने लगेच बटण बंद केलं. एकही कनेक्टर गरम झाला नव्हता. "हीटचा प्रॉब्लेम न्हाई, साहेब," तो म्हणाला आणि ड्रायर दोन्ही हातांनी परत दिला.

*

शाकेन जवळ आली तसं आम्ही सगळ्यांनी मिळून भागवतांना पटवलं की गाडी विकून टाका. निदान कोणीतरी हौशी माणूस घेईल, भंगारात तरी जाणार नाही. जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडे निघालो. शेजारी मी बसलो होतो. डीलरच्या फाटकातच इंजिन बंद पडलं. काटे पडले, दिवे गेले, सगळं ठार! डीलरने दातांतून हवा आत ओढली आणि मान तिरकी केली. जपानात याचा अर्थ 'नको'. भंगारवाल्याचा पत्ता देऊ का, असं त्याने फार नम्रपणे विचारलं.

आम्ही गाडी ढकलत रस्त्यावर आणली. दोघंही आत बसलो. भागवतांनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि मी शेजारी आहे हे विसरून म्हणाले, "बरं बाई. नाही विकत."

किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू!

मी हे घाटगेला सांगितलं. तो चेष्टा करील असं मला वाटलं होतं, पण तो हसला नाही. तो म्हणाला, "वहिनी गाडीतनं उतरायला तयार न्हाईत."

*

फॉल्ट शेवटी भागवतांनाच सापडला. ज्या माणसाने जन्मात बल्ब बदलला नव्हता, तो डॅशबोर्डखाली डोकं घालून, पाय दाराबाहेर काढून पडला होता, आणि अचानक त्याची हालचाल थांबली. आम्हाला वाटलं शॉक बसला!

वहिनींनी डॅशबोर्डवर छोटा गणपती चिकटवला होता. आपल्याकडच्या टॅक्सीत असतो तसा त्याच्यापुढे एक मिणमिणता दिवा हवा, म्हणून त्यांनी कोणाला न विचारता वायर जोडली होती. दिवा कधीच गेला होता, त्यामुळे त्याची वायर कुठून येते हा विचार आम्हा इंजिनिअरांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. आम्ही कंपनीने बनवलेली गाडी तपासत बसलो होतो! वहिनींनी गाडीची मुख्य अर्थिंगची वायर मधोमध कापली होती, तिच्यात दिव्याची वायर घातली होती, सगळं हाताने पिळून त्यावर डॉक्टरी चिकटपट्टी गुंडाळली होती. त्यांच्या घरात कढईचा दांडा, झाडू, भागवतांचा चष्मा, सगळं याच चिकटपट्टीने जोडलेलं असायचं. पट्टी वाळली होती, पीळ सैल झाला होता. गाडी हलली की सांधा सुटायचा आणि पुन्हा लागायचा, की हॉर्न, वायपर, हेडलाइट सगळेच बहकायचे.

"हे शैलाचं काम आहे," डॅशबोर्डखालून आवाज आला. ते लवकर बाहेर आले नाहीत. आम्हीही घाई केली नाही.

घाटगेने चिकटपट्टी काढून भागवतांच्या हातात दिली, वायर सोल्डर केली, वर नवी टेप लावली. गाडी शाकेन पास झाली. आम्ही पार्किंगमध्ये टाळ्या वाजवल्या, माझ्या बायकोने शिरा केला. त्यानंतर गाडी अशी चालायला लागली की काय सांगू! हॉर्न गप्प, वायपर गप्प, हेडलाइट बटण दाबलं तरच वर. भागवत रोज चक्कर मारून यायचे. पाऊस झाला, थंडी पडली, गाडीने एकदाही कुरकुर केली नाही.

एका रविवारी आम्ही घाटगेकडे चहाला बसलो होतो. भागवत आले आणि बूट न काढता दारातच उभे राहिले.

"काय झालं साहेब? बिघडली का परत?" घाटगेने विचारलं.

"नाही रे. काहीच होत नाही." ते हातातल्या किल्लीकडे बघत होते. "मी तिला काहीबाही विचारतो सारखं. काहीच होत नाही."

आम्ही कप खाली ठेवले.

"घाटगे," ते म्हणाले, "ती वायर परत थोडी सैल करून देशील का रे?"