हा जन्म कितवा?

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या सुलेखाकाकूंनी एके सकाळी आपल्या आठ महिन्यांच्या नातीला 'अहो' अशी हाक मारली आणि घरात एकच गोंधळ उडाला.

झालं होतं असं, की आदल्या संध्याकाळी रामभाऊंनी काकूंना लग्नाचं विचारलं होतं. रामभाऊ मूळचे नागपूरचे, पाइपलाइनवरचे निवृत्त इंजिनिअर, विधुर. काकूंचे प्रतापराव जाऊनही चार वर्षं झाली होती. सकाळी काकूंनी होकार द्यायला फोन लावला. "रामभाऊ," एवढंच त्या म्हणाल्या असतील, तोच उंच खुर्चीत बसलेली नात आन्या चमचा आपटून स्पष्ट म्हणाली, "अगं!"

काकूंनी फोन बंदच केला. प्रतापरावांनी उभ्या संसारात बायकोला नावानं हाक मारली नव्हती. 'अगं' एवढंच म्हणायचे. त्यातच चहा, राग, लाड सगळं यायचं.

"अहो," काकू म्हणाल्या, "तुम्ही?"

"आई!" लेक रुपाली आन्याचा डायपर बदलायला आली होती. "शी इज अ बेबी! अहो काय?"

"तू थांब जरा. मी पाठ फिरवते. इश्श!"

फोन मधेच तुटला म्हणून घाबरलेले रामभाऊ दुपारी येऊन थडकले. काकूंनी सगळं सांगितलं. "लग्न ठरतंय म्हटल्यावर हे धावून आले हो! आता मी कशी हो म्हणू?"

रामभाऊ बौद्ध होते, आत्मा वगैरे मानत नव्हते. पण हसू गिळून ते म्हणाले, "बघू या तपासून. मधली तीन वर्षं ते कुठे होते?"

"व्हिसाला वेळ लागतो," रुपाली म्हणाली.

"तू गप गं!"

"प्रतापरावांना दुधी आवडायचा?"

"छे! नावानंच उठून जायचे."

आन्या दुधीची पेज मिटक्या मारत खात होती. तेवढ्यात जमीन झाडणारं यंत्र सोफ्याखालून बाहेर आलं. आन्या त्याला म्हणाली, "अगं!" मग फ्रिजला म्हणाली. शेवटी रामभाऊंकडे बोट करून दोनदा म्हणाली.

"म्हणजे मीही त्यांची बायको?" रामभाऊ म्हणाले. "सुलेखाबाई, जुळलं तेवढं धरायचं आणि न जुळलेलं सोडून द्यायचं, असं चालत नाही."

काकूंना पटलं, पण अर्धंच. "आणि वटपौर्णिमेचं काय? दरवर्षी मी कुंडीतल्या वडाला दोरा गुंडाळून सात जन्म हाच नवरा मागितलाय."

"बरं. मग हा कितवा?"

काकू बोटांवर मोजू लागल्या. हा हिशेब कुणी कधी विचारलाच नव्हता.

"अगंबाई! सातवाच असेल तर? मग मागणं पुरं झालं!"

"पुरावा?" रुपालीनं विचारलं.

"आमची भांडणं! लग्नाच्या दुसऱ्याच दिवसापासून मला त्यांचं पुढचं वाक्य माहीत असायचं. एवढा सराव पहिल्या जन्मात होतो होय?"

"हा काही पुरावा नाही," रामभाऊ म्हणाले.

"मग जाऊ दे तो." काकूंना आता चेवच चढला होता. त्या खोलीभर फिरू लागल्या. "असं बघा. पुनर्जन्म खोटा असेल, तर ते गेले आणि मी मोकळी. खरा असेल, पण ते भलतीकडेच जन्मले असतील, तर तिकडे त्यांचा नवा संसार होईल, तरीही मी मोकळी. आणि ही आन्याच ते असतील, तर ते माझी नात झाले. नातीची बायको होऊन मी कशी राहू? कुठूनही या, उत्तर एकच!"

रामभाऊंनी डोकं खाजवलं. आयुष्यभर लोकांच्या आराखड्यांत चुका काढलेला माणूस, पण इथे त्यांना एकही काढायची नव्हती. "उत्तर काय, ते मात्र तुम्ही सांगितलं नाहीत," ते हळूच म्हणाले.

"हो! हो म्हणते मी!"

रुपाली हसत हसत खालीच बसली. "आई, पुढच्या जन्मी दोघंही दारात उभे राहिले तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघेन. रामभाऊ, गाडी काढा. लग्नाच्या लायसन्सचं ऑफिस बंद होईल!"

रामभाऊ बूट न घालताच बाहेर पळाले आणि तापलेल्या ड्राइव्हवेवर नाचत नाचत गाडीपर्यंत पोचले.