चाकणची परदेशी गाडी

माझा भाऊ बरीच वर्षं नैरोबीत नोकरी करून कायमचा डोंबिवलीला परतला, तेव्हा येताना स्वतःची गाडी घेऊन आला. लोक तिकडून कॉफी आणतात, फार तर लाकडी जिराफ. यानं गाडी आणली, आणि तीही मुळात आपल्या चाकणची! चाकणच्या कारखान्यात तयार होऊन ती जहाजानं आफ्रिकेला गेलेली. तिथं यानं ती नवीकोरी घेतली आणि आता पुन्हा जहाजात चढवून मुंबई बंदरात उतरवली.

“मग ही परदेशी कशी?” मी कस्टमच्या एजंटला विचारलं.

“मॅडम, कुठं बनली ते नाही बघत. कुठून आली ते बघतात.”

त्या न्यायानं आधी गाडीची किंमत धरली गेली. तिच्यात जहाजाचं भाडं मिळवलं, विमा मिळवला आणि सगळ्यावर ड्युटी लागली. मग ड्युटीसकट जो आकडा झाला, त्याच्यावर आणखी एक कर. पुढं नोंदणीच्या वेळी रस्त्याचा करही परदेशी गाडीच्या दरानं, म्हणजे चढाच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी भावावर जाम चिडले. तिकडंच विकून टाकायची ना!

“आईला शब्द दिलाय,” तो म्हणाला.

शब्दाची गोष्ट अशी. आईची मोठी बहीण, म्हणजे आमची मावशी, ठाण्याला बाळकुममध्ये राहते. एका लग्नात ती चारचौघांत आईला म्हणाली होती, “तुझा लेक काय आता परत येत नाही. तिकडचाच झाला तो.” आईला ते लागलं. “आता तुझ्याकडे येईन ती लेकाच्या गाडीतूनच,” असं तिनं तिथंच जाहीर केलं आणि तेव्हापासून बाळकुमचं नाव टाकलं. भावानंही तिला फोनवर शब्द दिला, येईन तो माझी गाडी घेऊनच. दरम्यान मावशी पडली, खुबा मोडला आणि माडीवरच्या खाटेला खिळली. दोघींना फोनवर धड ऐकू येत नाही. “जेवलीस का” एवढं एकमेकींना ओरडून विचारतात आणि ठेवतात. आता तर मावशीचं काही खरं नव्हतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, भेटायचं त्यांनी भेटून घ्या.

“आई, रिक्षानं जाऊ या. तासाभराचा रस्ता आहे,” मी म्हटलं.

“गाडीतूनच.”

“अगं, तिचा जिना म्हणजे शिडी आहे. तुझे गुडघे हे असे. गाडी काय जिना चढणार आहे का?”

“ते माझं मी बघीन.”

गाडी ट्रकवरून आमच्या सोसायटीत उतरली. नोंदणीचा नंबर मिळेपर्यंत तिचं चाक रस्त्याला टेकवायचं नव्हतं. पूजा मात्र त्याच संध्याकाळी झाली. नारळ फुटला, टायरखाली लिंबं ठेवली. भावानं बॉनेट उघडून आईला पत्र्यात ठोकलेला चॅसीचा नंबर दाखवला. “सगळं या नंबरावर आहे बघ. हाच गाडीचा जीव.” आईनं ऐकून घेतलं. सगळे वर गेल्यावर तिनं खिडकीच्या ग्रिलांचा उरलेला लाल ऑइलपेंट काढला आणि गाडीच्या जिवावर ठसठशीत स्वस्तिक रेखलं. कुंकू पुसलं जातं, म्हणून ऑइलपेंट.

गाडी ट्रकवरूनच कल्याणच्या आरटीओत नेली. तिथं साहेबानं ठसा घ्यायला नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. कागदावर स्वस्तिक उमटलं.

“नंबर लपवलाय,” साहेब म्हणाला. “गाडी चोरीची असू शकते.”

“चोरीच्या गाडीवर एवढा कर कोण भरेल हो?” मी ओरडलेच. भावानं मला बाहेर पाठवलं. शेवटी ठरलं की ठाण्याच्या तज्ज्ञाकडून नंबर तपासून आणायचा. पुन्हा ट्रक.

ठाण्याला जायच्या दिवशी सोसायटीत गाडी ट्रकवर चढवण्याआधी आई म्हणाली, “जरा बसून बघते,” आणि पुढच्या सीटवर बसली ती उतरेचना. ट्रकवाला वैतागला. “माताजी, ये माल है. माल में आदमी नहीं बैठता.” आईनं पट्टा लावून घेतला. भाऊ हात जोडून त्याला काहीबाही सांगत राहिला, मग स्वतःही स्टिअरिंगवर जाऊन बसला. दोघांसकट गाडी वर चढली. मी ट्रकवाल्याशेजारी, तोंड लपवून.

शीळफाट्याला ट्रक अडकला. वर माझा भाऊ बंद गाडीचं स्टिअरिंग धरून बसलेला, शेजारी आई नव्या साडीत. एक रिक्षावाला ओरडला, “आजी, उतरा खाली, चालत लवकर पोचाल!” आईनं त्याला हात केला.

ठाण्यात तज्ज्ञानं फडक्यावर थिनर घेऊन नंबरावरचा रंग पुसला. नंबर अस्सल निघाला. परत फिरताना भावानं ट्रक बाळकुमला घ्यायला लावला.

मावशीचं घर जुनं, बुटकं. रस्त्यावर काँक्रीटचे थर चढत गेले आणि घर खाली राहिलं. ट्रक भिंतीला खेटून थांबला, भावानं गाडीच्या छताची काच सरकवली आणि आईला सीटवर उभं केलं. ती छातीपर्यंत वर आली. समोर, हाताच्या अंतरावर, माडीची खिडकी आणि खिडकीला लावलेली मावशीची खाट. मला एकदम रडू फुटलं. गाडी जिना चढली होती.

मावशीनं गजांतून हात काढला. आईनं तो दोन्ही हातांनी धरला. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न बोंबलायला लागले. मावशीनं मान वळवून खाली गाडीतल्या माझ्या भावाकडं बघितलं.

“हा कधी आला गं?”

“आला,” आई म्हणाली. “टॅक्स भरून आणलाय. आता परत जायचा नाही.”