प्याल्याची कड

बाप्तिस्म्यानंतर आईने मला अंगणात बसवले आणि ओंजळीत वरून पाणी ओतले. आम्ही कुणबी; घरातल्या भांड्याला हात लावायचा माझा हक्क त्या दिवशी संपला. मला राग आला. त्या रागाचा थोडा अभिमानही वाटत होता, हे आता कळते.

ख्रिस्ती मंडळीतली एक म्हातारी म्हणाली, "रडतं काऊन, बाप्पा? मी हावो ना तुई माय."

तिचे घर गावकुसाबाहेर. अमरावतीच्या कॉलेजातून सुट्टीत आलो की तिच्याकडेच उतरत असे. आमच्या घराण्यात इंग्रजी शिकणारा मी पहिला. पण प्रार्थना करायला मला या निरक्षर बाईने शिकवले. "देवासंग बोलाले कागद लागत नाई," ती म्हणे.

दिवाळीच्या सुट्टीत प्रभुभोजन होते: भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा एकेक घोट. मंडळी लहान, सतरंजीवर गोल बसलेली. प्याला एकच. बायकांची बाजू तिच्यापाशी संपत होती, पुरुषांची माझ्यापासून सुरू होत होती. तिने घोट घेऊन प्याला मला दिला. मी उपरण्याच्या टोकाने कड पुसली आणि प्यायलो.

ठरवून केले नाही, हे खरे. तिचे ओठ लागले होते तेवढीच जागा पुसली, हेही खरे.

बाहेर पडताना ती म्हणाली, "कॉलेजात पुसाले बी शिकवतेत काय रे?"

"उष्टं होतं म्हून, माय. कोनाचंबी असतं तरी पुसलं असतं."

"मांगच्या खेपेले पाळकसायबाच्या मांगून तू पेला होता. तवा नाई पुसलं."

पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, जन्माने ब्राह्मण.

संध्याकाळी क्षमा मागायला गेलो. तिने मला भाकर वाढली, स्वतः मात्र बसली नाही. "माफ केलं बाप्पा. प्रभूनं सांगतलं हाय, करा लागते," म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मी पाय धरू शकलो असतो.

नाताळच्या प्रभुभोजनात मी मुद्दाम तिच्या शेजारी बसलो. या वेळी तिच्यामागून तसाच प्यायचा, असे मनाशी पक्के केले होते. प्याला तिच्यापर्यंत आला. तिने तो तोंडाला न लावता माझ्याकडे सरकवला.

"आंधी तुमी घ्या," ती म्हणाली.

सगळ्यांचे झाल्यावर शेवटचा घोट तिने घेतला.

पाळकांना तिचे हे मागे राहणे फार आवडले. पुढच्या रविवारी त्यांनी नम्रतेवर उपदेश केला आणि तिचे उदाहरण दिले. मी मान खाली घालून ऐकत राहिलो.