गाढव कोणाच्या टेबलावर

सकाळी ऑफिसात शिरले, तर गाढव रेहानाच्या टेबलावर! कापडी, राखाडी, एक कान लोंबणारं. जो बिल्ड बिघडवेल त्याच्या टेबलावर गाढव, ही आमच्या टीमची प्रथा. काढली मॅनेजरनं, म्हणजे माझ्याहून वयानं लहान असलेल्या प्रसादनं. माझ्या ती पहिल्या दिवसापासून डोक्यात जायची.

बिल्ड म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेल्या शेकडो फायली जोडून चालणारं ॲप तयार करणं. ही जोडणारी यंत्रणा सांभाळणं, हीच माझी नोकरी.

आमच्या ॲपवरून दवाखान्याची अपॉइंटमेंट मिळते. दवाखाना बंद असतो त्या दिवशीचीही मिळत होती. ती चूक रेहानानं दुरुस्त केली. नवं ॲप गेलं, तरी सदाशिव पेठेत पेशंट दारात आणि दाराला कुलूप. तिथला पेशंट कुलूप बघून गुपचूप घरी जात नाही. क्लायंटचा फोन थेट प्रसादला आला, आणि त्यानं एचआरला रेहानाच्या तक्रारीचा मेल टाकला, मला कॉपी ठेवून.

रेहाना शेख नवीन, अजून प्रोबेशनवर. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते नेमकं त्याच संध्याकाळी ठरणार होतं.

"मॅडम, मी नीट तपासलं होतं हो," एवढंच म्हणाली. डोळे भरलेले.

मी तिचा कोड वाचला. चोख होता. मग बिल्डचं सेटिंग उघडलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

सगळ्या फायली दर वेळी नव्यानं तयार करायला फार वेळ लागतो. म्हणून आमचं टूल न बदललेल्या भागांचे जुने तयार तुकडे वापरतं. त्याआधी काय बदललंय ते तपासतं. ती तपासणीच बंद केलेली! रेहानाची दुरुस्ती बाहेर राहिली आणि ॲपमध्ये जुनाच तुकडा गेला. बंद करणाऱ्याचं नाव शेजारीच होतं. प्रसाद.

वर टूलचा इशारा होता, की ग्राहकाला द्यायच्या ॲपसाठी ही तपासणी बंद करू नका. हे टूल ओपन सोर्स आहे. म्हणजे कोड सगळ्यांना खुला, आणि जगभरची माणसं फुकट राबून तो सुधारतात. त्यातली मी एक. तो इशारा धायरीच्या घरी बसून, रविवार घालवून मीच लिहिलेला. वाचतंय कोण!

"तपासणी का बंद केलीस?" मी प्रसादला गाठून विचारलं.

"अहो मॅडम, क्लायंटला फास्ट बिल्ड दाखवायचा होता."

"आणि गाढव त्या पोरीच्या टेबलावर?"

"गंमत असते हो ती. स्पोर्टिंगली घ्यायचं."

"एचआरला तिच्याबद्दल मेल केलास, तोही गमतीत?"

तो स्क्रीनकडे वळला.

"तो मेल मागे घे. नाहीतर मी लिहिते, ह्या सेटिंगच्या फोटोसकट."

तपासणी चालू करून मी सगळं पहिल्यापासून बिल्ड केलं. बंद दिवसाची अपॉइंटमेंट मिळेना. रेहानाच्या कोडमधलं एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

प्रसादनं मेल मागे घेतला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही गाढवाची प्रथा आपण बंद करू या. प्रोफेशनल वाटत नाही."

वा रे वा! सकाळपर्यंत वाटत होती!

रेहाना उठली. गाढव उचललं आणि त्याच्या कीबोर्डवर नेऊन ठेवलं.

"सर, आजचा दिवस राहू दे. उद्यापासून बंद करा."

कोणी हसलं नाही. प्रसादला दिवसभर गाढव बाजूला सारून टाइप करावं लागलं.

संध्याकाळी रेहाना कायम झाली. दुसऱ्या दिवशी प्रथाही बंद झाली. ते सेटिंग बदलायचा अधिकार आता प्रसादकडे नाही. मी एवढंच शिकले, की वाईट प्रथा साहेबाच्या टेबलापर्यंत पोचल्याशिवाय कोणाला वाईट वाटत नाही.