हसवणाऱ्या म्हातारीचं सोंग

जानीमावशी काहीही नवं बघितलं की आधी त्याचं घराणं विचारायची. खोडाळ्याच्या आमच्या वसतिगृहात ती भाकऱ्या करायची, मी मुलींना शिकवायचे. एका रविवारी मी मुलींना एक मूकपट दाखवत होते. शंभर वर्षांपूर्वीची ऑस्ट्रियातली नटी, चांगली धिप्पाड. पिठाच्या पिंपात पडते, उठते, पुन्हा पडते. मुली हसून लोळत होत्या आणि मावशी तव्यावरची भाकरी करपवून दारात उभी!

"मॅडम, ही कोणाच्या घरातली? हिच्या मागं सोंग कोणी धरलं?"

मला हसूच आलं. पण तिचंही बरोबर होतं. इकडे बोहाड्यात मुखवटे घालून नाचतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. "तिकडे तसं नसतं गं," म्हटलं खरं, पण डोक्यात किडा शिरलाच. शोधून वाचलं. बाई व्हिएन्नाच्या रंगभूमीवरून सिनेमात आली, घरोघरी लाडकी झाली. मग बोलपट आले, तरुण नट्या आल्या, हिच्या वाट्याला मोलकरणीची दोन-दोन वाक्यं उरली. बहुतेक फिती हरवूनही गेल्या.

हे सांगितलं तर मावशीचे पिठाचे हात थांबले. "म्हंजे बिनवारसाचं गेलं तिचं."

मग कळलं. बोहाड्यातल्या हसवणाऱ्या म्हातारीचं सोंग मावशीच्या घरचं. नाचवणारा नवरा वारलेला, मुलगा भिवंडीच्या गोदामात, त्याला सुट्टी नाही. यंदा सोंग निघालं नाही तर पंच ते दुसऱ्या घराला देणार होते.

मावशी मला घेऊन थेट पंचांपुढे गेली. "मी नाचवते."

"बाईनं मुखवटा घालायचा? कुठं झालाय असा?" थोरले पंच म्हणाले.

"ऑस्ट्रियात."

"ते आपल्या तालुक्यात येत नाय."

"सोंग म्हातारीचंच हाय ना? इतकी वर्सं बापयांनी लुगडी नेसली, तवा कोणाला लाज नाय वाटली?"

सगळे हसले, थोरले पंच सोडून. "त्या तिकडच्या बाईला मान कोणी दिला व्हता?"

"कोणीच नाय, दादा. म्हणून तं तिच्या मागं कोणी उरला नाय."

दादांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली. शेवटी म्हणाले, "एक वर्स नाच. बघू."

नाचली! मुखवट्यामुळे चेहरा दिसत नव्हता, पण पडली ती हुबेहूब त्या व्हिएन्नावालीसारखी. आधी एक पाय, मग सगळा देह, आणि उठताना असा तोरा, जणू पडलं ते दुसरंच कुणी. दादाही पोट धरून हसले. सोंग घरातच राहिलं, पुढची चार वर्षं तिनंच नाचवलं.

गेल्या पावसाळ्यात मावशी तापानं गेली. मला फार लागलं. दिवसकार्य झाल्यावर तिचा मुलगा वसतिगृहात आला, दारातच घुटमळला.

"मॅडम, बाप नुस्ता नाचायचा. आय पडायची. आता सुट्टी काढून मी नाचवणार, पण लोकांना तसंच पायजे. ती कशी पडायची वो?"

मी त्याला मोबाईलवर तो मूकपट लावून दिला. त्यानं तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि अंगणात जाऊन पडला. पहिल्यांदा साफ चुकला. दुसऱ्यांदा मला हसू फुटलं, आणि मग रडू काही आवरेना.